संसारातले वंगण

उसाचा हंगाम सुरू झाला की कराड-सांगलीकडच्या रस्त्यांवर अजूनही उसाच्या बैलगाड्यांची रांग दिसते. गाडी करकरू लागली म्हणजे गाडीवान काय करतो? तो बैलांना शिव्या देत बसत नाही, की गाडीच खोटी म्हणून सोडून देत नाही. खाली उतरतो, चाकापाशी बसतो आणि वंगण घालतो. एवढी साधी गोष्ट! पण हे शहाणपण नवराबायकोच्या शरीरसंबंधात मात्र आपण दाखवीत नाही. तिथे कोरडेपणा आला, दुखू लागले, की बायको ओठ मिटून सोसते. नवरा मनात म्हणतो, ‘हिचं आता आपल्यावर मन राहिलं नाही.’ आणि दोघे दोन कुशींना वळून झोपतात. पुढे पुढे त्या दुखण्याची भीतीच बसते, आणि भीतीने अंग अधिकच आखडते.

या कोरडेपणाविषयी आणि त्यावरच्या उपायाविषयी आज चार शब्द बोलायचे आहेत.

आधी शरीराचे काम कसे चालते ते पाहू. मनात इच्छा जागी झाली, जवळीक वाढली, की योनिमार्गाच्या भोवती रक्ताचा पुरवठा वाढतो आणि तिथल्या अस्तरातून पातळसा ओलावा पाझरतो. हेच निसर्गाचे वंगण. पण ते पाझरायला वेळ लागतो. कुणाला थोडा लागतो, कुणाला बराच. घाई केली तर ते येण्याआधीच घर्षण सुरू होते, मग दुखणारच. म्हणून पहिले वंगण म्हणजे सवड. ते दुकानात मिळत नाही.

पण सवड देऊनही ओलावा पुरेसा येत नाही, असेही पुष्कळदा होते. स्त्रीच्या अंगात इस्ट्रोजेन नावाचा एक अंतःस्राव असतो. योनिमार्गाचे अस्तर जाड, लवचिक आणि ओलसर ठेवण्याचे काम त्याचे. बाळंतपणानंतर, बाळ अंगावर पीत असते तोवर तो कमी होतो. पाळी गेल्यावर तर तो फारच घटतो, आणि आपल्या देशात बहुतेक बायकांची पाळी पंचेचाळीस ते पन्नास या वयात जाते. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या, मनाच्या आजारावरची काही औषधे, कर्करोगावरचे उपचार यांनीही कोरडेपणा येतो. असे समजा, की तासगावकडच्या एक काकू आहेत. वय अठ्ठेचाळीस, पाळी जाऊन वर्ष झाले. त्यांचे धन्यावरचे प्रेम काही पाळीबरोबर गेलेले नाही. गेला आहे तो फक्त अस्तराचा ओलावा. ‘आता वय झालं, आता कशाला?’ असे म्हणून त्यांनी तो विषय मिटवला, तर तो गैरसमजाने मिटवला असे म्हणावे लागेल. उलट बाजूही ध्यानात ठेवावी. ओलावा आला म्हणजे बाईची इच्छा आहेच, असे नव्हे. शरीराची खूण निराळी आणि तोंडाचा होकार निराळा. विचारायचे ते तोंडानेच.

आता उपायाकडे येऊ. घरातला माणूस आधी घरातलेच काहीतरी शोधतो. खोबरेल तेल, गोडेतेल, तूप, नाहीतर व्हॅसलीन. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. नेहमीचा कंडोम रबराच्या चिकापासून, म्हणजे लॅटेक्सपासून केलेला असतो, आणि तेल लॅटेक्सचा वैरी आहे. तेल लागल्यावर अवघ्या काही मिनिटांत लॅटेक्सची ताकद घटते. डोळ्यांना कंडोम धड दिसतो आणि ऐन वेळी फाटतो. मग नको असलेले गरोदरपण, नाहीतर रोग. हीच गोष्ट तुपाची, लोण्याची, व्हॅसलीनची आणि अंगाला लावायच्या तेलकट मलमांचीही.

आपल्या सांगलीला कंडोमविषयी उघड बोलण्याचा वारसा आहे. १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेने इथे एड्सविरुद्ध काम सुरू केले. त्यात देहविक्रय करणाऱ्या बायकांनीच एकमेकींना माहिती देण्याचे आणि कंडोम वाटण्याचे काम अंगावर घेतले. पुढे १९९६ मध्ये त्यांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. समाजाने ज्यांना बोलूच दिले नाही, त्या बायका जिवाच्या प्रश्नावर स्पष्ट बोलल्या. मग आपण घरंदाज म्हणवणाऱ्यांनी तेल आणि कंडोम एकत्र वापरू नये, एवढे एक वाक्य आपल्या माणसाशी बोलायला काय हरकत आहे?

कंडोम वापरत नसाल, म्हणजे शस्त्रक्रिया झालेली आहे किंवा तांबी बसवलेली आहे आणि रोगाची शंका नाही, तर शुद्ध खोबरेल तेल पुष्कळांना सोसते. मात्र ते कपड्यांना डाग पाडते आणि सहजी धुऊन जात नाही. व्हॅसलीन आत लावू नये. ते आत चिकटून राहते, आणि ते वापरणाऱ्या बायकांत योनिमार्गाचा जंतुसंसर्ग अधिक आढळलेला आहे.

सगळ्यात सोयीची ती पाण्याच्या बेसची जेली. ही काही आजची फॅशन नव्हे. अमेरिकेत १९०४ साली अशी एक जेली निघाली ती मुळात डॉक्टरांसाठी, तपासणीची हत्यारे रोग्याला न दुखता आत जावीत म्हणून. घरात तिचा उपयोग लोकांनी पुढे शोधला. ही जेली कंडोमला चालते आणि पाण्याने धुतली जाते. उणीव एकच, की ती लवकर सुकते. सुकली तर पुन्हा थोडी लावावी, किंवा बोट पाण्यात बुडवून दोन थेंब लावावेत. दुसरी सिलिकोनची. ती फार वेळ टिकते आणि कंडोमलाही चालते, पण महाग असते आणि धुवायला साबण लागतो.

जेली घेताना पाकिटावरचा मजकूर वाचावा. कैरीच्या फोडींना मीठ लावले की त्यांना पाणी सुटते, हे घराघरात ठाऊक आहे. काही जेल्यांत ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल इतके असते, की त्या अस्तरातल्या पेशींचे पाणी असेच ओढून घेतात. मग आग होते आणि अस्तर नाजूक बनते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली यासाठी ऑस्मोलॅलिटी नावाच्या मापाची मर्यादा सांगितली. शक्यतो ३८० पर्यंत, आणि १२०० च्या वर मुळीच नको. आपल्याकडच्या पाकिटांवर हा आकडा सहसा सापडत नाही. म्हणून ती दोन नावे घटकांच्या यादीत अगदी वर असतील, तर दुसरी जेली पाहावी. निरोगी योनिमार्ग किंचित आंबट असतो. त्याचा पीएच साधारण ४.५ च्या आत असतो, म्हणून त्याच्या जवळपासची जेली बरी. सुगंधी, गोड चवीची, गरम वाटणारी, बधिर करणारी असली नखरेल जेली टाळावी. बधिर करणारी तर विशेषच, कारण दुखणे ही शरीराने दिलेली हाक असते. ती बंद करून चालणार नाही.

वापरायची रीत अशी. पहिल्यांदा थोडी जेली हाताच्या आतल्या बाजूला लावून दुसऱ्या दिवसापर्यंत पाहावे. खाज वा लाली आली नाही तर ठीक. वेळेला चमचाभर जेली तळहातावर घेऊन अंगाच्या उबेने कोमट करावी आणि दोघांनीही लावावी. कंडोम असेल तर तो चढवल्यानंतर त्याच्या बाहेरून लावावी. आत फार लावली तर तो निसटतो. ज्यांना मूल हवे आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की पुष्कळ जेल्या आणि थुंकीसुद्धा शुक्रजंतूंची चाल मंदावतात. त्या दिवसांत गर्भधारणेला बाधा न आणणारी म्हणून विकली जाणारी जेली डॉक्टरांना विचारून घ्यावी. आणि झाल्यावर आतून साबणाने किंवा जंतुनाशकाने धुवू नये. बाहेरून साधे पाणी पुरते.

वंगणाने सगळेच दुखणे जात नाही, हेही सांगितले पाहिजे. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, घाण वासाचा स्राव, ओटीपोटात खोल कळ, किंवा आत शिरकावच होऊ नये इतके स्नायू आवळले जाणे, यांपैकी काही असेल तर जेलीवर वेळ काढू नये. सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणावर आत लावायचे इस्ट्रोजेनचे मलम मिळते, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे.

रघुनाथराव कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि कामजीवनाविषयी सरळ मराठीत लिहिले. त्यापायी त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि एका खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्यांनी एवढे सोसल्यावर आज आपल्यावर कुणी खटला भरीत नाही. आड येतो तो आपलाच संकोच.

तेव्हा नवरेमंडळींना एक विनंती. औषधाच्या दुकानात आपण जा. गर्दी असेल तर कागदावर लिहून द्या, ‘पाण्याच्या बेसची ल्युब्रिकंट जेली’. दुकानदाराने असली कितीतरी पाकिटे विकलेली असतात. आणि घरी आल्यावर ती गुपचूप उशाखाली ठेवू नका. आधी विचारा, ‘तुला दुखतं का?’ वर्षानुवर्षे कुणी हे विचारलेले नसेल, तर उत्तर लगेच येणार नाही. थोडे थांबा.