महानगरातही निसर्गाची ओळख शक्य : दिल्लीच्या आर. के. पुरमचा दाखला

नागरीकरणाच्या वाढत्या वेगाबरोबर माणसाचा निसर्गाशी असलेला दैनंदिन संबंध क्षीण होत चालला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अनुमानानुसार २००७ च्या सुमारास जगातील शहरी लोकसंख्येने ग्रामीण लोकसंख्येला मागे टाकले. भारतात २०११ च्या जनगणनेनुसार ३१ टक्क्यांहून अधिक लोक शहरांत राहत होते. शहरी कुटुंबाच्या दृष्टीने निसर्ग म्हणजे सुटीत गाडीने जाऊन पाहण्याचे ठिकाण, अशी समजूत त्यामुळे रूढ झाली आहे. वास्तविक घराच्या खिडकीसमोरच्या झाडापासूनही हा संबंध पुन्हा जोडता येतो. त्यासाठी काय करावे, हे समजून घेण्यास राजधानी दिल्लीतील एका वसाहतीचे उदाहरण उपयुक्त ठरेल.

बदलीची वसाहत, स्थायिक झाडे

दिल्लीच्या दक्षिण-पश्चिम भागातील आर. के. पुरम, अर्थात रामकृष्णपुरम, ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवासस्थानांची विस्तीर्ण वसाहत आहे. देशाच्या सर्व प्रांतांतून बदलीवर आलेली कुटुंबे येथे काही वर्षे राहतात आणि पुढच्या बदलीच्या आदेशाबरोबर निघून जातात. महाराष्ट्रातून आलेली कुटुंबेही त्यांत असतात. मुक्काम तात्पुरता असल्याने परिसराशी नाते जुळत नाही, ही अशा वसाहतींतील सार्वत्रिक अडचण आहे. शेजारी बदलतात, घराचा क्रमांक बदलतो. दारातील कडुनिंब मात्र आपल्या जागी उभा असतो. वसाहतीतील खरा जुना रहिवासी तोच.

आरोग्याशी संबंध

निसर्गसान्निध्य ही केवळ आवडीची बाब नाही, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. अमेरिकी संशोधक रॉजर उल्रिच यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. इंग्लंडमधील सुमारे २० हजार व्यक्तींच्या माहितीवर आधारित २०१९ च्या अभ्यासात, आठवड्यातून किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य व मनःस्वास्थ्य चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. हा वेळ एकाच दिवशी मिळो अथवा थोडाथोडा करून मिळो, त्याने फारसा फरक पडला नाही. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. तथापि, दररोज वीस मिनिटांचा फेरफटका कोणत्याही नोकरदाराला अशक्य नाही.

आधी नाव, मग ओळख

ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याच्याकडे लक्ष जात नाही. परप्रांतात आलेल्या मराठी कुटुंबाची येथे आणखी एक अडचण होते. झाड ओळखीचे असते, पण नाव अनोळखी असते. दिल्लीत ज्याला अमलतास म्हणतात तो आपला बहावा. सेमल म्हणजे काटेसावर, ढाक म्हणजे पळस आणि सप्तपर्णी म्हणजे सातवीण. रिज भागात दिसणारा रोंझ हा महाराष्ट्रातील माळरानावरचा हिवर होय. ही जोडनावे मुलांना सांगितली, तर गावाकडचे झाड त्यांना राजधानीतही भेटते. दिल्लीतील झाडांची सचित्र ओळख करून देणारे प्रदीप कृष्ण यांचे ‘ट्रीज ऑफ दिल्ली’ हे पुस्तक २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. झाड पानांवरून आणि सालीवरून कसे ओळखावे, हे त्यातून शिकता येते.

रस्त्यावरचे ऋतुचक्र

नाव कळल्यानंतरची पायरी म्हणजे नोंद. दुर्गा भागवत यांच्या १९५६ सालच्या ‘ऋतुचक्र’ या ग्रंथाने मराठी वाचकाला महिन्यामहिन्याने निसर्ग पाहण्याची सवय लावली. तीच पद्धत दिल्लीतही अवलंबता येते.

फेब्रुवारीअखेर सावरीच्या पर्णहीन फांद्यांवर लाल फुले येतात. मार्चमध्ये पळस फुलतो आणि त्याच सुमारास कडुनिंबाची पाने गळून रस्ते पिवळे होतात. येथील पानगळीचा मोठा भाग हिवाळ्यात नव्हे, तर वसंतात पाहावयास मिळतो, याचे नवागताला आश्चर्य वाटते. वड-पिंपळाच्या कुळातील पिलखनाला याच दिवसांत तांबूस पालवी फुटते. मे महिन्याच्या उष्ण झळांत बहावा बहरतो. पावसाळ्याच्या तोंडावर जांभळे पिकतात आणि ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी सातविणीचा उग्र गंध दरवळतो.

यात पंचांगाची एक गंमतही आहे. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, तर महाराष्ट्रात अमावास्येला. त्यामुळे कृष्ण पक्षात मराठी घरात फाल्गुन असतो, तेव्हा शेजारच्या हिंदी भाषक घरात चैत्र लागलेला असतो. समोरचे झाड मात्र दोघांनाही एकच पालवी दाखवते. भारतीय हवामान विभागाच्या २०२० मधील सुधारित वेळापत्रकानुसार मोसमी पाऊस मुंबईत साधारणपणे ११ जूनला, तर दिल्लीत २७ जूनला पोहोचतो. एका वहीत तारीख, झाड आणि त्याची अवस्था एवढेच लिहिले, तरी दोन-तीन वर्षांत परिसराचे स्वतःचे पंचांग तयार होते. ‘सीझनवॉच’ या देशव्यापी उपक्रमात नागरिकांच्या अशाच नोंदी एकत्र करून ऋतुमानातील बदलांच्या अभ्यासासाठी वापरल्या जातात.

पक्ष्यांचा शेजार

दक्षिण दिल्लीच्या जुन्या वृक्षराजीत राखी धनेश, तांबट, सातभाई, पोपट आणि घारी सहज दिसतात. धनेशाला घरट्यासाठी जुन्या झाडातील ढोली लागते. म्हणूनच धनेशाची जोडी दिसणे हे परिसरात वयस्क झाडे शिल्लक असल्याचे लक्षण मानता येते. दिल्ली सरकारने २०१२ मध्ये चिमणीला राज्यपक्ष्याचा दर्जा दिला. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’च्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. गच्चीत पाण्याचे पसरट भांडे ठेवणे, ते रोज धुणे आणि अंगणात एखादे स्थानिक झुडूप वाढू देणे, एवढ्यानेही पक्ष्यांचा वावर वाढतो.

टेकडी आणि पुनर्जीवित वन

आर. के. पुरममधील स्वामिनाथ स्वामी मंदिर ‘मलई मंदिर’ या नावाने प्रसिद्ध आहे. तमिळ भाषेत मलई म्हणजे डोंगर, आणि हे मंदिर टेकडीवरच उभे आहे. ही टेकडी रहिवाशांना एका प्राचीन पर्वतरांगेची आठवण करून देते. अरवलीचे टोक दिल्लीत ‘रिज’ या नावाने ओळखले जाते.

वसाहतीपासून जवळच, वसंत विहारला लागून, अरवली जैवविविधता उद्यान आहे. या भूभागावर पूर्वी खाणी होत्या. खाणकाम थांबल्यानंतर तेथे वेड्या बाभळीचे रान माजले. दिल्ली विकास प्राधिकरणाने दिल्ली विद्यापीठातील तज्ज्ञांच्या साहाय्याने तेथे अरवलीतील मूळ वनस्पती पुन्हा रुजवण्याचे काम हाती घेतले. उजाड जमिनीवर वन परत आणता येते, याचा हा दाखला आहे. मुंबईत माहीमजवळ मिठी नदीच्या काठी पूर्वी कचरा टाकला जात असे, त्या जागेवरचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान आणि पुण्यात वारजे येथील एकेकाळी ओसाड असलेल्या टेकडीवरील वन ही महाराष्ट्रातील तशीच उदाहरणे होत.

ओळखीतून संरक्षण

निसर्गाशी नाते तुटल्याची किंमत केव्हा मोजावी लागते, याचे प्रत्यंतर २०१८ च्या जून महिन्यात आले. सरोजिनी नगर, नौरोजी नगर, आर. के. पुरमजवळचे मोहम्मदपूर आदी सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाचा प्रकल्प केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये मंजूर केला होता. सुमारे १३ हजार जुन्या घरांच्या जागी सुमारे २५ हजार नवी घरे बांधण्याची ही योजना होती. घरांची गरज खरी होती. परंतु त्यासाठी १४ हजारांहून अधिक झाडे तोडावी लागणार असल्याचे समजताच नागरिक रस्त्यावर उतरले. अनेकांनी उत्तराखंडातील चिपको आंदोलनाप्रमाणे झाडांना मिठ्या मारल्या. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, वृक्षतोड थांबली आणि आराखड्यांचा फेरविचार करण्याचे जाहीर झाले.

या घटनेतून एक गोष्ट स्पष्ट झाली. एका झाडाच्या बदल्यात दहा रोपे लावली, तरी पन्नास वर्षांच्या झाडाची सावली आणि ढोली लगेच मिळत नाही. ज्यांना आपल्या गल्लीतील झाडे माहीत असतात, त्यांनाच ती कमी झाल्याचे कळते. दिल्लीत १९९४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीविना झाड तोडणे गुन्हा आहे. झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटरपर्यंत काँक्रीट नसावे, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये बजावले होते. बुंध्याशी आवळलेली फरसबंदी मुळांना पाणी आणि हवा मिळू देत नाही. अशी झाडे मोजून त्यांची यादी संबंधित कार्यालयाला देणे, हे रहिवासी संघाला एका रविवारी करता येण्याजोगे काम आहे.

सुरुवात कशी करावी

घराजवळचे एक झाड निवडावे आणि वर्षभर आठवड्यातून एकदा तरी ते नीट पाहावे. मुलांना पाने, बिया, शेंगा हाताळू द्याव्यात. महिन्यातून एक सकाळ जवळच्या वनक्षेत्रासाठी राखून ठेवावी. रोप लावायचे असल्यास स्थानिक जातीचे लावावे आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांत त्याला पाणी घालण्याची जबाबदारी आधी ठरवून घ्यावी. हिवाळ्यात दिल्लीची हवा अत्यंत दूषित असते, अशा दिवशी मात्र लहान मुलांनी व वृद्धांनी बाहेरचा फेरफटका टाळावा.

नेदरलँडचे वृक्षतज्ज्ञ सेसिल कोनिनेन्डाइक यांनी २०२१ मध्ये शहरांसाठी एक सोपे सूत्र मांडले. प्रत्येक घरातून किमान ३ झाडे दिसावीत, वस्तीवर ३० टक्के वृक्षछाया असावी आणि उद्यान ३०० मीटरच्या आत असावे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालानुसार दिल्लीच्या सुमारे २५ टक्के भूभागावर वन व वृक्षाच्छादन आहे. परंतु ते सर्वत्र सारखे नाही. आपल्या खिडकीतून किती झाडे दिसतात, हे प्रत्येकाने मोजून पाहावे. ती तीनपेक्षा कमी असतील, तर पुढच्या पावसाळ्याचे काम ठरले. तीन किंवा अधिक असतील, तर त्यांची नावे जाणून घेण्यासाठी पावसाळ्याची वाट पाहण्याचे कारण नाही.