अकारविल्हे क्रम आणि संगणकाचा तुलना-नियम

शब्दांची सूची अकारविल्हे लावणे हे काम वरवर पाहता यांत्रिक भासते. ज्यास वर्णमाला पाठ आहे, त्यास ते करता यावे, अशी आपली समजूत असते. परंतु हे काम संगणकावर सोपविताच असे दिसून येते की, 'वर्णमालेचा क्रम' या दोन शब्दांत आपण अनेक निर्णय गृहीत धरीत असतो, आणि त्यांपैकी एकही निर्णय यंत्रास आपोआप ठाऊक नसतो. हे निर्णय कोणते, ते आज्ञावलीत कसे सांगावयाचे आणि सांगताना कोणती पथ्ये पाळावयाची, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. क्रमलावणीची दोन अंगे

कोणत्याही क्रमलावणीची दोन अंगे असतात. कोणते दोन घटक केव्हा समोरासमोर आणावयाचे आणि त्यांची जागा कशी बदलावयाची, हे पहिले अंग. समोर आलेल्या दोन घटकांपैकी आधीचा कोणता, हे ठरविणे हे दुसरे. पहिल्या अंगाचा शास्त्रीय विचार बराच झालेला आहे. लहान लहान क्रमबद्ध तुकडे एकमेकांत मिसळीत जाण्याची रीत जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ साली मांडली. तिने १,००० शब्द लावावयाचे झाल्यास सुमारे १०,००० तुलना पुरतात. हे अंग शब्दांस, संख्यांस आणि तारखांस सारखेच लागू पडते.

दुसरे अंग मात्र विषयानुसार बदलते. म्हणून ते आज्ञावली लिहिणाराच्या हाती ठेवलेले असते. 'सी' या भाषेतील क्रमलावणीस तुलना करणारे एक स्वतंत्र फल पुरवावे लागते. त्या फलास दोन घटक दिले असता ते तीनच उत्तरे देते: पहिला आधी, दोन्ही समान, किंवा पहिला नंतर. पायथन या भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीत (२००८) दुसरी रीत मुख्य मानली आहे. तीत प्रत्येक घटकापासून एक क्रमखूण काढून देतात आणि तुलना त्या खुणांची होते. क्रमखूण म्हणजे बहुधा क्रमांकांची मालिका असते. दोन्ही रीतींचा हेतू एकच: आपला नियम यंत्रास स्पष्ट शब्दांत सांगणे.

२. नियम न सांगितल्यास काय होते

नियम न सांगितल्यास संगणक चिन्हांच्या संकेतांकांची तुलना करतो. युनिकोड या संकेतप्रणालीतील देवनागरीची मांडणी भारतीय 'इस्की' संकेताच्या आधारे झाली आहे, आणि ती बऱ्याच अंशी वर्णमालेस धरून आहे. व्यंजनांनंतर स्वरचिन्हे व त्यांनंतर हलन्तचिन्ह असल्यामुळे 'कर', 'काम', 'कौल', 'क्रम' हा क्रम आपल्या अपेक्षेप्रमाणेच लागतो.

तथापि हा संकेत हिंदी, नेपाळी, मराठी अशा अनेक भाषांसाठी सामाईक आहे. तो कोणा एका भाषेचा कोशक्रम असू शकत नाही. षोडशमान पद्धतीने ल चा अंक ०९३२, ळ चा ०९३३, व चा ०९३५ आणि ह चा ०९३९ आहे. म्हणजे मराठी वर्णमालेत ह नंतर येणारा ळ येथे ल च्या शेजारी बसतो. क्ष आणि ज्ञ यांस स्वतंत्र अंक नाहीत. ते प्रत्येकी तीन चिन्हांनी लिहिले जातात, म्हणून 'क्षमा' क मध्ये आणि 'ज्ञान' ज मध्ये जाऊन पडते. ॲ चा अंक ०९७२ असल्याने 'ॲप' हा शब्द 'हौस' या शब्दाच्याही मागे जातो.

३. नियमाची घडण

यावर उपाय असा की, प्रत्येक वर्णास आपण ठरविलेला अनुक्रम देणारे एक कोष्टक करावे. क्ष आणि ज्ञ यांची तीन चिन्हे एकत्र दिसताच त्यांस एक घटक मानावे. मग शब्दाची क्रमखूण या अनुक्रमांची बनवावी. येथवरचे काम सोपे आहे. कठीण भाग पुढेच आहे.

अनुस्वाराचेच पाहा. 'कंप' हा शब्द कोठे ठेवावयाचा? संकेतांकांप्रमाणे तो 'कप' च्याही आधी येतो. बाराखडी प्रमाण मानल्यास 'कं' हे 'कौ' नंतरचे, म्हणून तो 'कौल' च्या पुढे जातो. उच्चार प्रमाण मानून अनुस्वाराच्या जागी परसवर्ण घेतल्यास तो 'कम्प' होऊन 'कमी' आणि 'कर' यांच्यामध्ये येतो. या तिसऱ्या पक्षात पुढचे व्यंजन पाहिल्याशिवाय अनुस्वाराचे स्थान ठरत नाही, आणि 'संशय', 'सिंह' अशा शब्दांसाठी निराळी तरतूद करावी लागते. तीनही पक्ष सुसंगत आहेत. त्यांतून निवड करावयाची ती संपादकाने, यंत्राने नव्हे.

दुसरा प्रश्न सूक्ष्म भेदांचा. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे भिन्नार्थक शब्द आहेत, पण त्यांतील दोन प्रकारच्या र मुळे ते सूचीत एकमेकांपासून दूर जाऊ नयेत, अशी आपली इच्छा असते. म्हणून तुलना पायऱ्यापायऱ्यांनी करतात. प्रथम मूळ वर्ण पाहावयाचे, आणि ते सर्व समान ठरले तरच र चा भेद विचारात घ्यावयाचा. युनिकोडच्या क्रमलावणीची अधिकृत पद्धती याच बहुस्तरीय तत्त्वावर उभी आहे. शिवाय ऱ्य हे एकच दिसणारे जोडाक्षर दोन भिन्न चिन्हमालिकांनी लिहिता येते. तुलनेपूर्वी त्यांस एकरूप करून घेतले पाहिजे.

४. नियमाची पथ्ये

तुलना-नियम कोणताही असो, तो संक्रामक असला पाहिजे. अ हा आ च्या आधी आणि आ हा इ च्या आधी असेल, तर अ हा इ च्या आधी आलाच पाहिजे. हे पथ्य नकळत मोडते. समजा, दप्तरांचे क्रमांक लावावयाचे आहेत आणि नियम असा केला: दोन्ही नोंदी निव्वळ अंकांच्या असतील तर संख्या पाहावी, एरवी एकेक चिन्ह पाहावे व अंक अक्षरांच्या आधी धरावे. आता ९ हा १० च्या आधी. १० हा '१क' च्या आधी. आणि '१क' हा पुन्हा ९ च्या आधी! हे चक्र कोणत्याही क्रमाने सुटणारे नाही. प्रत्येक नोंदीचा संख्याभाग आणि अक्षरभाग वेगळा करून प्रथम संख्याभाग पाहिल्यास '१क', ९, १० असा निर्दोष क्रम लागतो. क्रमखुणेची रीत सुरक्षित मानली जाते ती यामुळेच. खुणा क्रमांकांच्या असल्या की असे चक्र उद्भवत नाही.

दुसरे पथ्य असे की, एका वर्णास एकच स्थान असावे. शिवसूत्रांत ह हा वर्ण दोनदा आला आहे. प्रत्याहार साधण्यासाठी ती योजना अर्थपूर्ण आहे. परंतु त्याच कारणाने ती मांडणी जशीच्या तशी कोशाचा क्रम होऊ शकत नाही. वर्णांची प्रत्येक मांडणी एखाद्या प्रयोजनासाठी असते, हेच यावरून दिसते.

५. क्रम आणि शोध

क्रमाचा दोष केवळ दिसण्याचा असता, तर एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. परंतु क्रमबद्ध सूचीत शब्द शोधताना संगणक मधला शब्द पाहतो आणि तुलनेच्या उत्तरानुसार अर्धी सूची सोडून देतो. मराठी वर्णक्रमाने लावलेली पुढील सूची घ्या: काल, काव, काष्ठ, कास, काळ. तीत 'काळ' हा शब्द शोधावयाचा आहे, पण शोधणारी आज्ञावली संकेतांकांचा नियम वापरते. मधला शब्द 'काष्ठ'. संकेतांकांप्रमाणे ळ हा ष च्या आधीचा. म्हणून शोध डाव्या अर्ध्या भागात वळतो, तेथे 'काल' आणि 'काव' एवढेच सापडतात, आणि 'काळ' सूचीत नाही असे उत्तर मिळते. शब्द जागेवर असतो. पण तो नाही असे निःशंकपणे सांगितले जाते. कोशातील शब्दाच्या जागी मतदारयादीतील वा परीक्षार्थींच्या यादीतील नाव कल्पिले, म्हणजे या चुकीचे गांभीर्य ध्यानात येईल.

म्हणून कोणत्याही सूचीच्या प्रास्ताविकात ळ, क्ष, ज्ञ, ॲ, अनुस्वार आणि विसर्ग यांची स्थाने स्पष्ट नमूद करावीत, ती एकाच तुलना-नियमात उतरवावीत, आणि लावण्यासाठी व शोधण्यासाठी तोच नियम वापरावा. छापील कोशात वाचक पाने मागेपुढे चाळून संपादकाची उणीव भरून काढीत असे. यंत्र तसे करीत नाही.