विजेची बचत आणि तिची वाटणी

विजेच्या काटकसरीवर बोलण्यास कामगार संघटनेचा माणूस उभा राहावा, याचे काही श्रोत्यांस नवल वाटेल. आमचे आयुष्य मजुरीचे दर, हजेरी आणि बोनस यांवर भांडण्यात गेले. विजेचे शास्त्र आम्ही कोणत्याही कॉलेजात शिकलो नाही. जाणत्या वायरमनला विचारून, मीटरपुढे उभे राहून आणि बिलाची मागची बाजू वाचून जे कळले, तेवढीच आमची शिदोरी. पण या विषयाकडे आम्हांस एका गाळ्यातील प्रसंगाने ओढले, तो आधी सांगितला पाहिजे.

स्टेनलेस स्टीलची भांडी हा भाईंदर पूर्वेचा जुना धंदा. पत्र्याची चकती कापावयाची, प्रेसखाली दाबून तिला आकार द्यावयाचा आणि मग फिरत्या बफावर धरून चकाकी आणावयाची. तुमच्याआमच्या घरातील डबा आरशासारखा दिसतो तो पॉलिशवाल्याच्या अंगावर काळी धूळ बसते म्हणून. वीसएक वर्षांमागे अशा एका गाळ्यात मालकाने बिल फुगले म्हणून ऐन एप्रिलात छताचे दोन पंखे व धूळ बाहेर फेकणारा भिंतीतला पंखा बंद करविला. चौथ्या दिवशी एक पॉलिशवाला घेरी येऊन पडला. कामाच्या जागी खेळती हवा हवी, असे त्या वेळी लागू असलेल्या 1948 च्या कारखाने कायद्याचे 13 वे कलम सांगत होते; पण यंत्रावर चालणाऱ्या जागेस तो कायदा दहा कामगारांपासून लागू, आणि त्या हजेरीपटावर नावे नऊच होती.

आम्ही भांडावयास गेलो. मालक म्हणाले, "पंखे लावतो, बिल तुम्ही भरा." आम्ही म्हटले, "भरण्याचे पुढे पाहू, आधी बिल दाखवा." मग एका वायरमनला सोबत घेऊन हिशेब मांडला. बंद केलेले तिन्ही पंखे मिळून सुमारे 250 वॉट वीज घेत होते. बफाची एक मोटर तीन अश्वशक्तीची. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॉट. तेव्हा पूर्ण भारावर ती एकटी मोटर सव्वादोन हजार वॉटांहून अधिक घेणार. म्हणजे माणसे उकडून मालकाने जे वाचविले, ते एका मोटरीच्या नवव्या हिश्श्याइतकेही नव्हते! खरी गळती दुसरीकडेच होती. जळालेली मोटर स्वस्तात पुनःपुन्हा रिवाइंड करून घेतलेली, त्यामुळे ती तेवढ्याच कामास जास्त वीज खाई व तापे. पट्टा सैल पडून घसरत असे. जेवणाच्या सुट्टीत बफ रिकामेच फिरत. छताचे प्रकाशाचे पत्रे काजळून गेल्यामुळे भरदिवसा दिवे जळत. पट्टे ताणले, पत्रे धुतले, सुट्टीत बटणे बंद होऊ लागली आणि पंखे पुन्हा सुरू झाले.

त्या दिवशी आम्ही एक भेद शिकलो. कमी वीज वापरून तेच काम करणे ही काटकसर. काम करणाऱ्याचा वारा काढून घेणे ही काटकसर नसून मजुरीतील कपात होय. यास्तव बचतीची गोष्ट निघाली की बचत कोठून निघते आणि कोणाच्या खिशात जाते, हे दोन प्रश्न आम्ही प्रथम विचारतो.

आता घराकडे वळू. छताचा जुन्या पद्धतीचा पंखा सुमारे 75 वॉट घेतो; बीएलडीसी नावाच्या नव्या मोटरीचा पंखा तेवढाच वारा 30 वॉटांच्या आसपास देतो. फरक 45 वॉटांचा. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत पंखा दिवसाला 12 तास आणि वर्षाचे 300 दिवस चालतो असे धरा, तर एका पंख्यामागे वर्षाला 162 युनिटे वाचतात. 2011 च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती आठ लाखांवर होती. या शहरात एक लाख पंखे बदलले आणि ते एकाच वेळी फिरत असले, तर 4,500 किलोवॉट, म्हणजे साडेचार मेगावॉट मागणी उतरेल. सोसायटीच्या पंपाचेही तसेच. लांबून आलेले पाणी आपण तळटाकीतून गच्चीवर चढवितो. गच्चीची टाकी भरून वाहते तेव्हा पाण्याबरोबर वीजही गटारात जाते.

इतके सोपे असून लोक करीत का नाहीत? लोक अडाणी आहेत म्हणून, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस ते मान्य नाही. नवा पंखा हजार-दीड हजार रुपयांनी महाग. बचत मात्र महिन्यामहिन्याने थेंबथेंब मिळते. रोजंदारीच्या माणसापाशी आज तेवढी रक्कम नसते. दुसरे असे की, घर वा गाळा भाड्याचा असला तर पंखा बसवितो एक आणि बिल भरतो दुसरा. घरमालक स्वस्तातला पंखा टांगून मोकळा होतो. ही कोंडी एकेकट्याने सुटत नाही. एकटा कामगार मालकाशी दर ठरवू लागला तर त्याचे काय होते ते आम्ही जन्मभर पाहिले. बाजारात एकट्या गिऱ्हाइकाचे तेच होते.

याचा उत्तम दाखला एलईडी दिव्यांचा. 2015 च्या 5 जानेवारीस केंद्र सरकारने उजाला योजना सुरू केली. सरकारी क्षेत्रातील ईईएसएल या कंपनीने देशभराची मागणी एकत्र करून निविदा काढल्या. 2014 साली खरेदीचा जो भाव दिव्यामागे 310 रुपये होता, तो 2016 साली 38 रुपयांवर आला. पुढे 36 कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. संघटित वाटाघाट म्हणतात ती हीच! हप्त्याची युक्ती तर आपल्या राज्यात आधीच होऊन गेली होती. महावितरणने 2005-06 च्या सुमारास नाशिक भागात सीएफएल दिवे देऊन त्यांची किंमत वीजबिलातून हप्त्याने घेण्याचा प्रयोग केला. हप्ता बचतीतूनच फिटला की गरिबालाही चांगली वस्तू परवडते.

अशा योजना कंपन्यांचा धर्मादाय असतो, असा एक गैरसमज आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने 2010 साली मागणी-व्यवस्थापनाचे विनियम केले. मंजूर झालेल्या कार्यक्रमाचा खर्च कंपनीस वीजदरातून वसूल करता येतो. म्हणजे सवलतीचा पंखा कोणा एकाच्या घरी आला तरी त्याचे पैसे सर्व ग्राहकांनी दिलेले असतात. मग ती सवलत एसीच्या बंगल्यात जावी की नऊ माणसांच्या गाळ्यात, हे विचारण्याचा आपणांस हक्क आहे. दरवाढीच्या प्रस्तावांवर आयोग हरकती मागवितो व जाहीर सुनावणी घेतो. तेथे जाण्यास वकिलाची सनद लागत नाही.

आणखी एका माणसाचा हिशेब यात आहे. मुंबई उपनगरांस वीज पुरविण्यासाठी 1990 च्या दशकात दहाणूला 500 मेगावॉटचे कोळशाचे वीजकेंद्र उभे राहिले. तेथील चिकूबागायतदार आणि रहिवासी त्याच्या धुराविरुद्ध वर्षानुवर्षे झगडले. धुरातील गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसण्यास 2007 साल उजाडले. आपण येथे रिकामा बफ फिरवितो तेव्हा त्याची राख कोणाच्या तरी अंगणात पडत असते.

तेव्हा आपल्या शहरापुरते करावयाचे काम असे. प्रत्येक सोसायटीने आणि गाळ्यांच्या प्रत्येक आवाराने बारा महिन्यांची बिले एका वहीत उतरावी. पंखे, दिवे व मोटरींची मोजदाद करून मागणी एकत्र करावी आणि मगच दुकानदाराशी किंवा कंपनीशी बोलावे. काढलेला जुना पंखा भंगारात मोडला गेला याची खात्री करावी. नाही तर तो शेजारच्या चाळीत जाऊन तीच वीज खात बसतो. गाळ्यातील पाहणीत कामगारांचा एक प्रतिनिधी असावा, कारण कोणता पट्टा घसरतो हे ऑफिसात बसलेल्यास दिसत नाही. आणि बचत झाली की तिचा पहिला वाटा खेळत्या हवेस व धूळ ओढणाऱ्या पंख्यास मिळावा, हे आरंभीच कागदावर लिहून घ्यावे.

घेरी येऊन पडलेला तो पॉलिशवाला पुढे आमच्या संघटनेच्या कमिटीवर आला. कोणत्याही कारखान्यात विजेच्या बचतीची नोटीस लागली की तो आधी मान वर करून छताकडे पाहत असे. पंखे फिरत असले, तरच तो पुढची नोटीस वाची.