टेनंट म्हणजे कोण?

आज एक इंग्रजी शब्द घेऊ : टेनंट. आटगावहून लोकलने कल्याण-ठाण्याला कामाला जाणाऱ्या बायकांनी तो ऐकला असेल. तिकडे टेनंट म्हणजे भाडेकरू. अकरा महिन्यांचा करार, तो संपला की खोली रिकामी करायची.

हाच शब्द शेतजमिनीच्या कायद्यात आला की त्याचा अर्थ कूळ. म्हणजे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा. मजुरीवर राबणारा गडी कूळ होत नाही, मालकाच्या घरचा माणूसही होत नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आहे धरून ठेवणं, आणि कुळाने जमीन खरंच धरून ठेवली. मालक नुसतं ‘निघ’ म्हणाला म्हणून कुळाला निघावं लागू नये, असं संरक्षण 1948 च्या कुळकायद्याने दिलं. पुढे 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारी बहुतेक कुळं त्या जमिनीची खरेदीदार मानली गेली. ठरलेली किंमत भरली की कलम 32 म चं प्रमाणपत्र मिळे.

आता यात आपण कुठे? भाताची लावणी, बेणणी, कापणी बाईच्या हातची. पण कूळ म्हणून नाव लागलं ते बहुधा घरातल्या पुरुषाचं. तो गेला तरी कुळाचा हक्क संपत नाही, तो वारसांकडे येतो. हिंदू वारसा कायद्यात बायको आणि मुलगीही वारस आहेत. आदिवासींना तो कायदा आपोआप लागू होत नाही, तिथे रूढी पाहतात. म्हणून आदिवासी बहिणींनी तालुक्याच्या विधी सेवा समितीत आधी विचारावं, तिथे बायकांना सल्ला मोफत मिळतो.

घरचा सातबारा काढा. कुळाच्या आणि इतर अधिकाराच्या रकान्यात कोणाची नावं आहेत, ते कोणाकडून तरी वाचून घ्या. घरात मृत्यू झाला असेल तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. उशीर झाला असला तरी अर्ज द्याच. फेरफार मंजूर झाल्यावर सातबारा पुन्हा काढून नाव बघा. आणि भाऊ म्हणो की दीर, हक्कसोडपत्र वाचून घेतल्याशिवाय सही नाही, अंगठाही नाही.

उद्या कोणी विचारलं, ‘तुम्ही टेनंट का?’ तर आधी उलट विचारा, ‘खोलीचे की जमिनीचे?’