पट्टी बदला, गाणं तेच राहू द्या

यवतमाळ जिल्ह्यात गावोगावी भजनी मंडळं आहेत, लग्नाच्या हंगामात बँडपथकंही आहेत. दोघांपुढे एकच अडचण येते: गाणं बसवलं काळी एकमध्ये, गायिकेचा आवाज मात्र काळी चारचा. भातखंडे पद्धतीत सा सरकतो, त्यामुळे सरगम पुन्हा लिहायची गरज नसते. पाच रेघांच्या स्टाफ नोटेशनमध्ये मात्र प्रत्येक स्वराची जागा बदलते.

इथे म्यूझस्कोअर हे मोफत सॉफ्टवेअर फार उपयोगी पडतं. कंट्रोल-ए दाबून सगळं निवडा, 'टूल्स'मध्ये 'ट्रान्सपोज' उघडा, नवी पट्टी सांगा. काळी एकला सी शार्पऐवजी डी फ्लॅट निवडा. मेजरमध्ये सातऐवजी पाचच चिन्हं येतात, वाचणाऱ्याचा त्रास वाचतो. काळी चार म्हणजे ए फ्लॅट, तिथे चारच.

बँडवाल्यांनी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवावी. नेहमीचं क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट बी फ्लॅटचं असतं, लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतं. म्हणून डी फ्लॅटमधलं गाणं त्यांना ई फ्लॅटमध्ये लिहून द्यावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये वाद्य बरोबर निवडलंत आणि 'कॉन्सर्ट पिच' बंद ठेवलंत, की हा हिशेब आपोआप होतो. छापण्याआधी ते बटण जरूर तपासा.