कर्करोगावरील उपचार, हृदयाचे आरोग्य व व्यायाम : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
भंडारा जिल्ह्यातील अनेक कर्करुग्णांना उपचारासाठी सुमारे ६० किलोमीटरवरील नागपूर गाठावे लागते. तेथून परतलेल्या रुग्णास संपूर्ण विश्रांती देण्याकडे कुटुंबीयांचा कल असतो. ही विश्रांती हृदयाच्या दृष्टीने हितावह आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उपचारांचा हृदयावरील परिणाम :
स्तनाच्या व रक्ताच्या काही कर्करोगांत वापरले जाणारे डॉक्सोरुबिसिन हे औषध हृदयस्नायूंच्या पेशींना इजा करू शकते. औषधाची एकूण मात्रा वाढते, तसा हा धोकाही वाढतो. ट्रास्टुझुमॅबमुळे हृदयाची आकुंचनक्षमता घटू शकते; मात्र ती बहुधा पूर्ववत होते. डाव्या स्तनावरील किरणोपचारांचे दुष्परिणाम अनेक वर्षांनीही प्रकट होऊ शकतात.

त्यात निष्क्रियतेची भर पडते. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवले असता त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे एक चतुर्थांशाने घटली. औषधांनी आधीच थकलेल्या शरीराची हानी यावरून लक्षात यावी.

व्यायामाचे स्वरूप :
२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या शिफारशींनुसार आठवड्यातून तीन वेळा प्रत्येकी ३० मिनिटे मध्यम गतीने चालणे वा तत्सम व्यायाम उपयुक्त ठरतो. चालताना बोलता यावे, परंतु गाता येऊ नये, ही मध्यम गतीची सोपी खूण होय. प्रारंभ ५ ते १० मिनिटांपासून करावा. विदर्भातील उन्हाळ्यात पहाटेची वेळ निवडावी.

धानाची रोवणी हा अशा व्यायामास पर्याय नव्हे. त्या कामात तासन्‌तास वाकावे लागते आणि श्रमाचे प्रमाण रुग्णाच्या हाती राहत नाही. ताप असल्यास व्यायाम करू नये. छातीत दुखणे, धाप, चक्कर वा पायांवर सूज आढळल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

निष्कर्ष :
व्यायामाने थकवा कमी होतो व कार्यक्षमता टिकते. मात्र औषधांमुळे होणारी हृदयाची इजा त्याने पूर्णतः टळते, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. म्हणून हृदयास धोका असलेल्या उपचारांत आरंभी व पुढेही डॉक्टरांच्या सल्ल्याने इकोकार्डिओग्राफी आवश्यक ठरते. रुग्णालयातून घरी पाठविताना गोळ्यांसोबत चालण्याची मिनिटेही लिहून दिल्यास खेड्यातील रुग्णास व त्याच्या कुटुंबास निश्चित दिशा मिळेल.