काटा वजन सांगतो, चरबी नाही!

भिशी असो, हळदीकुंकू असो की बचत गटाची बैठक, चहा आला की वजनाचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. "काही केल्या वजन उतरत नाही गं बाई!" असं एकीनं म्हणायचा अवकाश, दुसरी लगेच तिसरीकडे बोट दाखवते, "ती बघ कशी! काहीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही." आपल्या मनात हिशेब अगदी पक्का असतो. जाड ती आजारी, बारीक ती ठणठणीत.

महिला गटांमध्ये आरोग्याचं काम करताना मला मात्र वेगळंच चित्र दिसतं. रक्तातली साखर तपासायची म्हटलं, की अंगानं भरलेल्या बायका निमूट रांगेत उभ्या राहतात आणि सडपातळ बायका मागच्या मागे सटकतात. "माझं वजन कधी पन्नासच्या वर गेलं नाही, मला काय धाड भरलीय?" असं म्हणणाऱ्या एका ताईंना आम्ही अक्षरशः ओढून आणलं. साखर चांगलीच वाढलेली निघाली. हातपाय काटकुळे, पण पोट मात्र पुढे आलेलं. काट्यावरचा आकडा चांगला होता, म्हणून पोटाकडे कधी कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

याचं शास्त्र आपल्या पुण्याच्याच एका डॉक्टरांनी जगाला समजावून सांगितलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानानं वजन किती, हे सांगणारा 'बीएमआय' दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणजे दुपटीहून जास्त. दिसायला बारीक, पण आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्या भारतीय शरीराची ठेवण आहे.

त्यातही पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात साठणारी चरबी जास्त त्रासदायक. तिच्यामुळे इन्शुलिनला आपलं काम नीट करता येत नाही आणि मग मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार मागे लागतात. पाळी जायच्या सुमारास स्नायू घटतात आणि चरबी पोटाकडे सरकते, त्यामुळे चाळिशीनंतर तर जास्तच जपायला हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीएमआयनुसार २४ टक्के स्त्रियांचं वजन जास्त भरलं. पण कमरेचं नितंबांशी असलेलं प्रमाण पाहिलं, तेव्हा जवळपास ५७ टक्के स्त्रिया धोक्याच्या रेषेपलीकडे होत्या!

मग घरच्या घरी हे ओळखायचं कसं? सगळ्यात सोपा उपाय सुतळीचा. डोक्यापासून टाचेपर्यंत आपल्या उंचीएवढी सुतळी कापा आणि ती बरोबर मधोमध दुमडा. ही दुहेरी सुतळी न ताणता कमरेभोवती पुरली, तर ठीक. टोकं जुळत नसतील, तर पोटावर चरबी जास्त आहे असं समजा. ना आकडे, ना गणित. ज्यांना अक्षरओळख नाही, त्या आज्यासुद्धा हे करतात आणि वर हसतातही!

दुसरा उपाय शिलाईच्या टेपचा. टेप मात्र जुनी, ताणली गेलेली नको. मोजायचं ते शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, परकराच्या नाडीवर नव्हे. श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका आणि टेप पुढून-मागून एका रेषेत ठेवा. आपल्याकडच्या स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच, ही सावधगिरीची रेषा. पुरुषांसाठी ती ९०. कमरेच्या मापाला नितंबांच्या मापानं भागून उत्तर ०.८५ किंवा त्याहून जास्त आलं, तर स्त्रियांनी तोही इशारा समजावा.

टक्केवारीच हवी असेल, तर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडलेलं एक सोपं सूत्र आहे. उंचीला कमरेच्या मापानं भागा, त्याला २० नं गुणा आणि आलेलं उत्तर ७६ मधून वजा करा. पुरुषांसाठी ७६ ऐवजी ६४. समजा उंची १५२ सेंटिमीटर आणि कंबर ८०. भागाकार १.९, गुणाकार ३८, म्हणजे चरबी अंदाजे ३८ टक्के. कंबर ७६ वर आली, तर ३६ टक्के. हे सूत्र तिकडच्या लोकांच्या मापांवरून बसवलेलं आहे, तेव्हा आकडा काळ्या दगडावरची रेघ मानू नका. तीन महिन्यांनी आपलाच आकडा आपल्याशी ताडून पाहायला तो उपयोगी.

हल्ली चरबी सांगणारे इलेक्ट्रॉनिक काटेही घरोघरी आलेत. तळपायातून अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडून ते अंदाज बांधतात. शरीरातल्या पाण्यावर हे गणित अवलंबून असल्यानं सकाळी आणि रात्री आकडा वेगळा येतो. वापरायचाच तर रोज एकाच वेळी, उपाशीपोटी वापरा. पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी मात्र त्यापासून लांबच राहावं.

मैत्रिणींनो, एक गोष्ट आवर्जून सांगते. निसर्गानं बाईच्या शरीरात पुरुषापेक्षा जास्त चरबी दिली आहे, ती पाळीसाठी, बाळंतपणासाठी लागतेच. त्यामुळे 'शून्य चरबी' हे आपलं ध्येय नव्हे. गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या सुनेला, वयात येणाऱ्या लेकीला ही मापं लावू नका. पोरीच्या कमरेवरून घरात चेष्टा तर मुळीच नको.

आपलं स्वतःचं माप मात्र घ्या. साडीचा परकर आणि सलवार यांना नाडी असते. पोट वाढलं की आपण गाठ थोडी सैल बांधतो आणि विसरून जातो. पुरुषांची पँट निदान बटण लागेना झालं की ओरडते तरी! म्हणून दर तीन महिन्यांनी माप घेऊन कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि रेषा ओलांडली, तर घाबरून उपास धरू नका. आधी साखर आणि रक्तदाब तपासा. सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांसाठी ही तपासणी मोफत आहे. ताटात भात-पोळी थोडी कमी आणि डाळ-उसळ थोडी जास्त घ्या. रोज चाला, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं संपवायची जबाबदारीही आता सोडा. अन्न वाया जाऊ नये हे खरंच, पण आपलं पोट म्हणजे काही घरातला डबा नव्हे!